शेंगदाण्यातली ऊर्जा मोजण्याचा प्रयोग (६वी ते ८वी) : मांडणी, मापं आणि नेहमी होणाऱ्या चुका

प्रयोगवही

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी शेंगदाणा जाळून पाणी तापवण्याचा प्रयोग हमखास निवडला जातो. साहित्य घरातलं, जाळ दिसतो, आकडाही मिळतो. पण घाईत केला तर तो आकडा कशाचाच नसतो. म्हणून पूर्ण मांडणी इथे एकत्र देत आहे. भर घाला, चुकलं असेल तर सुधारा.

तत्त्व : १ ग्रॅम पाण्याचं तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला १ कॅलरी उष्णता लागते. पाण्याचं वजन आणि तापमानातली वाढ मोजली की पाण्याने किती उष्णता घेतली ते कळतं. खाऊच्या पाकिटावर जी 'कॅलरी' म्हणतात ती किलोकॅलरी, म्हणजे या कॅलरीच्या हजारपट. मुलांचा पहिला गोंधळ इथेच होतो, तेव्हा फळ्यावर आधी हे लिहा. १ किलोकॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल.

साहित्य : थंड पेयाचा रिकामा अॅल्युमिनियमचा कॅन, लोखंडी स्टँड आणि क्लॅम्प, ० ते ११० अंशांची लाल द्रवाची तापमापी (पाऱ्याची नको), ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा, मोजपात्र, प्लास्टिकचं आवरण नसलेली स्टीलची पेपरक्लिप, शाडूचा गोळा, फरशीचा तुकडा, लांब नळीचा लायटर, चिमटा, वाळूची थाळी, ओलं सुती फडकं, प्रत्येकाला चष्मा.

कृती : कॅनच्या वरच्या कडेला समोरासमोर दोन भोकं मोठ्या माणसाने पाडून द्यावीत, पत्र्याची धार बोट कापते. भोकांतून जाड तार ओवून कॅन स्टँडला टांगा. कॅनमध्ये ५० मिली पाणी मोजून ओता. तापमापी तोंडातून आत सोडा, पण तिचा फुगा तळाला टेकता कामा नये. टेकला तर पाण्याचं नाही, पत्र्याचं तापमान दिसतं. पेपरक्लिप वाकवून एक टोक शाडूत रोवा आणि दुसऱ्या टोकाला दाणा मावेल असं वेटोळं करा. फोलपट काढलेला एक भाजका, बिनमिठाचा दाणा त्यात बसवा. क्लिप, शाडू आणि दाणा असं सगळं एकत्र तोला. पाण्याचं सुरुवातीचं तापमान लिहा. कॅनपासून बाजूला धरून दाणा पेटवा. १०-१५ सेकंद लागतात. दाण्याने स्वतःचा जाळ धरला की लगेच कॅनखाली सरकवा. दाणा आणि तळ यांत साधारण अडीच-तीन सेंटिमीटर अंतर हवं, ज्योतीचं टोक तळाला जेमतेम टेकेल इतपत. दाणा विझला की पाणी हलकेच ढवळत राहा आणि तापमान चढायचं थांबेल तो आकडा घ्या. विझल्याबरोबर घेतलेला आकडा कमी असतो, कारण तापलेला पत्रा आणखी काही वेळ पाण्याला उष्णता देत असतो. शेवटी क्लिप, शाडू आणि कोळसा गार झाल्यावर पुन्हा एकत्र तोला.

हिशोबाचा नमुना : समजा ०.५५ ग्रॅम वजन घटलं आणि ५० ग्रॅम पाणी २७ वरून ४५ अंशांवर गेलं. ५० × १८ = ९०० कॅलरी. ९०० ÷ ०.५५ = सुमारे १६४० कॅलरी दर ग्रॅमला. म्हणजे १०० ग्रॅमला १६४ किलोकॅलरी. तक्त्यात शेंगदाण्याला १०० ग्रॅममागे साधारण ५५० ते ५७० सापडतील. उत्तर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आलं. ते बरोबरच आहे. उरलेलं गेलं कुठे, हाच खरा प्रयोग.

काचसामान

मांडणी चांगली आहे. सुरक्षेचं मात्र वेगळं आणि ठळक लिहायला हवं, ते मी लिहिते.

पेटवायचं काम मोठ्या माणसाचं. दर जाळामागे एक मोठं माणूस आणि चारच मुलं. एक तापमापी वाचेल, एक वेळ बघेल, एक वहीत नोंद करेल, एक वजन करेल. दहा वर्षांखालच्या मुलांनी फक्त तापमापी वाचावी. केस बांधलेले, ओढणी नाही, सैल बाह्या नाहीत, नायलॉनचे कपडे नाहीत. पंखा बंद, खिडक्या उघड्या. टेबलावर दुसरा कागद नको, वहीसुद्धा हातभर लांब.

जळतं तेल फरशीवर पडलं तर त्यावर पाणी ओतायचं नाही, वाळू टाकायची. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही नाही. हे मुलांना प्रयोगाआधी सांगून ठेवा, नंतर ऐकायला कोणी मोकळं नसतं.

कॅन कधीही बूच लावून बंद करायचा नाही, वाफेला वाट हवी. परीक्षानळी वापरत असाल तर बोरोसिलिकेट काचेचीच घ्या, साधी काच ज्योतीखाली तडकते. प्रयोगासाठी आणलेला खाऊ प्रयोगाच्या टेबलावर खायचा नाही, पाकीट बंद असलं तरी.

आणि सगळ्यात आधी : कोणाला शेंगदाण्याची किंवा कठीण कवचाच्या फळांची अॅलर्जी आहे का, हे पालकांना लेखी विचारा. वर्गात एकाला जरी असली तरी शेंगदाणा त्या दिवशी खोलीत आणायचाच नाही. 'तू लांब बस' हा उपाय नव्हे.

कुरमुरे

आम्ही अमेरिकेत आहोत. इथल्या शनिवारच्या मराठी शाळेसाठी हा प्रयोग हवा आहे, पण इमारतीत शेंगदाणा, काजू, बदाम काहीच चालत नाही. पर्याय काय? घरी ताप बघायची तापमापी आहे, ती चालेल का?

तिवई

@कुरमुरे, तापाची तापमापी अजिबात नको. तिची पट्टी साधारण ३५ ते ४२ अंशांची. त्याखालचं दिसणार नाही, त्यावर गेलं तर काचेची असल्यास फुटेल. स्वयंपाकघरातली टोकदार डिजिटल तापमापी घ्या, ०.१ अंश दाखवणारी मिळाली तर उत्तम.

दाण्याला पर्याय म्हणून बटाट्याचा वेफर सर्वांत चांगला. तेल भरपूर, चटकन पेटतो, शेवटपर्यंत जळतो, आणि पाकिटावर १०० ग्रॅमची (तिकडे एका वाढपाची) ऊर्जा छापलेली असते, त्यामुळे पडताळा घेता येतो. अर्धा ग्रॅमचा तुकडा क्लिपच्या वेटोळ्यात उभा खोचायचा. आडवा ठेवला तर अर्धाच जळतो. मक्याचे तळलेले कुरकुरीत तुकडेही चालतात. कशात तळलंय आणि आणखी काय घातलंय ते मात्र पाकिटावर वाचून घ्या.

मखाणा पेटतो, पण जाळ दमदार नसतो, मध्येच विझतो. तेल जवळजवळ नाहीच त्यात. कुरमुऱ्याचा एक दाणा इतका हलका की काट्यावर नीट दिसत नाही. १५-२० कुरमुरे बारीक तारेत माळेसारखे ओवून, तारेचं वेटोळं करून जाळावे लागतात. एकमेकांना चिकटवून ओवू नका, मधे हवा हवी. फुटाणे सोलून घ्या, सालासकट उडतात. कच्चा मका किंवा कच्चे हरभरे तर कधीच नको, आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि निखारा चष्म्यावर येतो.

सफरचंद, केळं, ओलं खोबरं पेटणारच नाही. त्यातलं पाणी उकळण्यातच सगळी उष्णता जाते.

काचसामान

सुकं खोबरं पेटतं, पण फार जोरात, आणि जळतं तेल टपटप खाली गळतं. ०.३ ग्रॅमपेक्षा मोठा तुकडा घेऊ नका आणि खाली वाळूची थाळी हवीच. अक्रोडाचंही तसंच.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या शाळांसाठी खास : सोललेला काजूगर चालेल. टरफलासकट काजूची बी मात्र या प्रयोगात कोणीही आणू नये. टरफलातला डीक (तेलकट चीक) कातडीला पोळतो, फोड येतात, जळताना उडतो आणि त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. मोसमात बिया हाताशी असतात, मुलं उत्साहाने घेऊन येतात, म्हणून आधीच बजावावं.

अणुरेणू

मला हिशोबाबद्दल बोलायचं आहे. ५० ग्रॅम पाण्याबरोबर कॅनही तापला, तो धरलेला नाही. कॅनचं वजन सुमारे १४ ग्रॅम, अॅल्युमिनियमची विशिष्ट उष्मा धारकता (१ ग्रॅम १ अंशाने तापवायला लागणाऱ्या कॅलरी) ०.२१५. गुणाकार ३ कॅलरी दर अंशाला. १८ अंशांना ५४ कॅलरी. म्हणजे ९०० ऐवजी ९५४. सहा टक्क्यांचा फरक. आठवीच्या मुलांना हे सहज करता येतं आणि करायला लावावंच.

कॅनऐवजी ६० ग्रॅमची स्टीलची वाटी घेतली, तर स्टीलची धारकता ०.११, म्हणजे ६.६ कॅलरी दर अंशाला, १८ अंशांना ११९ कॅलरी. पाण्याला मिळालेल्या उष्णतेच्या तेरा टक्के इतकी उष्णता वाटीनेच खाल्ली. त्यामुळे भांडं जितकं हलकं तितकं बरं. जाड बुडाचं भांडं घेऊन 'तापमान चढतच नाही' अशी तक्रार येते, तिचं एक कारण हेच.

पाणी किती घ्यायचं, हेही मनाला येईल तसं ठरवू नका. वाढ १५ ते २५ अंश येईल इतकं घ्या. २०० मिली घेतलं तर वाढ येणार चार-पाच अंश. एक-एक अंशाच्या खुणा असलेल्या तापमापीवर सुरुवातीला अर्धा आणि शेवटी अर्धा अंश चूक धरली, की चार अंशांत पाव भाग चूकच. उलट परीक्षानळीत २० मिली पाणी आणि अख्खा दाणा घेतलात तर पाणी ७० अंशांच्या वर जातं, वाफ उठू लागते. वाफेबरोबर गेलेली उष्णता तापमापीला दिसतच नाही : १ ग्रॅम पाणी वाफ होऊन उडालं की ५४० कॅलरी गेल्या. नळीच वापरायची असेल तर अर्धा दाणा, म्हणजे एकच डाळिंबी घ्या.

माठ

सुरुवातीचं पाणी खोलीच्या तापमानापेक्षा थोडं गार घेतलं तर एक फायदा होतो. पहिल्या निम्म्या वेळात पाणी खोलीकडून थोडी उष्णता घेतं, उरलेल्या वेळात तेवढीच खोलीला परत देतं, आणि हिशोब जवळपास फिटतो. ही युक्ती उष्णतेवर प्रयोग करणाऱ्या काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. वाढ १८ अंश अपेक्षित असेल तर सुरुवात ९ अंश खालून हवी. माठातलं पाणी कोरड्या हवेत सहज पाच-सहा अंश गार असतं, तेवढंही पुरतं. फ्रिजचं बर्फगार पाणी घेऊ नका. दमट हवेत कॅनला बाहेरून पाणी सुटतं, ते जाळात उडतं आणि उष्णता घेऊन जातं.

अणुरेणू

@माठ, सहमत. मुलांना एवढं सांगा, की यातून फक्त *कॅनमधून* होणारी गळती सावरते. ज्योतीच्या बाजूने जी गरम हवा कॅनला न शिवताच वर निघून जाते, तिचं यात काही नाही. आणि खरी मोठी गळती तीच आहे.

तिवई

त्या गळतीला उपाय आडोशाचा. तूप किंवा दुधाच्या भुकटीचा एक किलोचा डबा घ्या, दोन्ही तोंडं उघडी करा, कापलेल्या कडा आत दुमडून ठोकून घ्या. खालच्या कडेने बोटभर रुंदीची सहा-सात भोकं पाडा आणि दाणा सरकवायला एक खिडकी कापा. कॅन वरून या डब्यात निम्मा उतरवायचा. आता गरम हवा कॅनच्या अंगाला घासूनच वर जाते. आडोसा लावून आणि न लावता, दोन्ही मापं घेऊन शेजारी शेजारी मांडली, की गळती म्हणजे काय ते मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

भोकं विसरू नका. हवा खालून आली नाही तर दाणा गुदमरतो, ज्योत पिवळी-लाल होऊन धूर सोडते आणि तळाला काजळी धरते. काजळी म्हणजे न जळलेला कोळसा, म्हणजे मोजमापातून निसटलेली ऊर्जा. शिवाय तिचा थर पुढच्या वेळी उष्णता अडवतो. दर खेपेला तळ पुसा, पाणी बदला, कॅन पुन्हा पहिल्या तापमानाला येऊ द्या. दाणा तळाच्या फार जवळ नेला तरी काजळीच येते, कारण गार पत्रा ज्योत विझवतो. तीनापेक्षा दोन सेंटिमीटर चांगलं, मग एक आणखी चांगलं, असं मुलांना वाटतं. एक सेंटिमीटरवर करून दाखवा, तळ काळाकुट्ट आणि तापमान कमी.

सहावी_ब

आमच्याकडे दोन अडचणी येतात. टाचणी बुचात खोचून तिच्यावर दाणा बसवतो. दाणा दुभंगतो, आणि कधी कधी बूचच पेटतं. दुसरं, मेणबत्तीवर पेटवताना दाणा विझतो, पुन्हा पेटवावा लागतो, असं तीन-तीनदा. मग ते माप धरायचं का?

प्रयोगवही

बूच पेटलं की ते माप बाद, बुचाची ऊर्जाही पाण्यात गेली. म्हणूनच शाडू आणि क्लिप. टाचणीच हवी असेल तर बुचावर अॅल्युमिनियमची पन्नी गुंडाळा आणि टाचणी डाळिंबीच्या फटीतून न घालता आडवी, गोल फिरवत घाला.

मेणबत्तीने पेटवताना मेण दाण्याला लागतं. मेण दाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट ऊर्जेचं, त्यामुळे आकडा फुगतो. लायटर बरा. एकदा विझला तर पटकन पेटवून पुढे जा आणि वहीत तशी खूण करा. दोनदा विझला तर नवा दाणा. बहुतेक वेळा विझण्याचं कारण ओल असतं. कच्चे दाणे मंद तव्यावर भाजून, फोलपटं पाखडून, घट्ट डब्यात ठेवा. फोलपट राहिलं तर पेटून उडतं, ते धोक्याचंही आहे.

सहावी_ब

आणि उत्तर १६४ आलं तर ३.४ ने गुणून तक्त्याशी जुळवायचं का? मग तोच ३.४ मखाण्याला लावायचा, असं कोणी सुचवलं आहे.

अणुरेणू

शेंगदाण्याच्या तक्त्यातल्या आकड्यावरून गुणक काढून तोच शेंगदाण्याच्या उत्तराला लावला, तर तो मोजलेला आकडा राहत नाही, तक्त्यातून उतरवलेला होतो. असं करू नका. प्रदर्शनातले परीक्षकही हे पहिल्यांदा विचारतात.

गुणक वेगळ्या पदार्थावरून काढा. साधी मेणबत्ती तोला, त्याच कॅनखाली, त्याच आडोशात तीन-चार मिनिटं जाळा, पुन्हा तोला. मेणाची ऊर्जा दर ग्रॅमला १० ते ११ किलोकॅलरी. पाण्यात प्रत्यक्ष किती आली ते भागून तुमच्या मांडणीची कार्यक्षमता मिळते, आणि ती दाण्याला लावता येते. इथे पाणी १०० मिली घ्या, मेणबत्ती जास्त उष्णता देते.

तरीही हा गुणक सगळ्यांना सारखा बसत नाही. मेणबत्तीची ज्योत स्थिर, दाण्याची मोठी आणि धूर सोडणारी, मखाण्याची मरतुकडी. जो पदार्थ मंद जळतो त्याची उष्णता जास्त वेळ गळते, म्हणून मखाणा आणि कुरमुरे खऱ्यापेक्षा आणखी कमी दिसतात. दर पदार्थाची किमान तीन मापं घ्या, सरासरीबरोबर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडाही तक्त्यात लिहा. दोन पदार्थांचे आकडे एकमेकांत घुसत असतील, तर 'यात जास्त ऊर्जा आहे' असं म्हणायचं नाही.

एक बारीक मुद्दा. आपण भागतो घटलेल्या वजनाने. पण उरलेला काळा गोळा म्हणजे बराचसा कार्बन, त्यात दर ग्रॅमला जवळजवळ ८ किलोकॅलरी शिल्लक असतात. दाण्यातलं तेल आधी जळतं, कोळसा मागे राहतो. म्हणजे जे जळलं ते आणि अख्खा दाणा एकसारखे नाहीत. सहावीला हे सोडून द्या. आठवीला जरूर विचारा.

ऊष्मा

पाकिटावरचा आकडा जाळून काढलेला नसतो, हेही सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेत विल्बर अॅटवॉटरने अन्नघटकांवर मोजमापं करून जे गुणक रूढ केले तेच आजही वापरतात : कर्बोदकं ४, प्रथिनं ४, स्निग्ध पदार्थ ९ किलोकॅलरी दर ग्रॅमला. पदार्थात हे घटक किती ते शोधायचं, गुणायचं आणि बेरीज करायची. मुलांना वेफरच्या पाकिटावरून ही बेरीज करायला द्या, छापलेल्या आकड्याच्या अगदी जवळ येते. शेंगदाण्यात जवळपास निम्मा भाग तेल असल्यामुळे तो मखाण्याच्या पुढे का जातो, हेही त्यातूनच कळतं.

जाळून अचूक मोजायचं असेल तर बॉम्ब कॅलरीमापी लागतो. जाड पोलादी भांड्यात दाबाखाली प्राणवायू भरतात, पदार्थ विजेच्या तारेने पेटवतात, आणि भांडं पूर्ण पाण्यात बुडालेलं असतं. काजळी नाही, बाजूने निसटणारी हवा नाही. आपल्या कॅनमध्ये नेमकं काय काय कमी आहे ते त्याच्या चित्राशेजारी ठेवलं की दिसतं.

पण तिथेही प्रथिनाला दर ग्रॅमला साडेपाचच्या वर किलोकॅलरी मिळतात आणि शरीराला ४ च. कारण शरीर प्रथिन पूर्ण 'जाळत' नाही, उरलेली ऊर्जा युरियातून लघवीवाटे बाहेर जाते. लाकडी दात-कोरणीही छान जळते, वजनामागे साखरेइतकी ऊर्जा देते, पण ती पचत नाही. जळणं आणि पचणं यांतला हा फरक दात-कोरणी जाळून दाखवण्यासारखा आहे.

काचसामान

एक विनंती. फलकावर 'कोणता पदार्थ जाड करतो' असा मथळा देऊ नका. या वयातली मुलं आपल्या शरीराबद्दल हळवी असतात, आणि हा प्रयोग आहाराचा सल्ला देत नाही. वाढत्या मुलाला मूठभर शेंगदाणे चांगलेच. 'कोणत्या पदार्थात किती ऊर्जा साठवलेली आहे' एवढा मथळा पुरे.

कुरमुरे

वेफर आणि मक्याचे तुकडे ठरले. प्रदर्शन दोन तास चालणार आहे, दर दहा मिनिटांनी पेटवून दाखवलं तर चालेल?

तिवई

दोन कॅन ठेवा. एक वापरात, दुसरा गार पाण्यात बुडवून, मग पुसून तयार. तासाला तीनपेक्षा जास्त जाळ नकोत, बंद खोलीत तेलाचा धूर साचतो. धूर ओळखणारा भोंगा छतावर असेल तर आधी इमारतीच्या माणसांशी बोला, नाहीतर अंगणात टेबल मांडा आणि वाऱ्यासाठी तिन्ही बाजूंनी पुठ्ठा नव्हे, पत्रा उभा करा. मधल्या वेळात मुलं आदल्या दिवशीची मापं आणि काजळी धरलेला कॅन दाखवतील. वेफरचे तुकडे घरूनच तोलून, क्रमांक घालून छोट्या डब्यांत न्या. तिथे वाऱ्यात ०.०१ ग्रॅमचा काटा स्थिर राहत नाही.